पोटाचें दुखणें लांबलें तर



डोकें दुखत असलें, ताप आला असला अथवा पाय मुरगळला असला, तर आपण तें वर्गांत सर्वांदेखत सांगतों. परंतु "मला जुलाब होत आहेत" हें वाक्य मात्र ओठांपर्यंत येऊन परत फिरतें. हा संकोच दिसावयास क्षुल्लक आहे. पण त्यापायीं एक साधें दुखणें किती लांबतें, आणि तें लांबविण्यास शहाणीं म्हणविणारीं माणसेंहि कशीं कारण होतात, हें मीं स्वतः अनुभविलें आहे. तीच हकीकत प्रथम सांगतों, आणि मग तिच्यापासून मी जें शिकलों तें क्रमानें मांडतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मी एका वसतिगृहाची देखरेख पाहत होतों. पावसाळा सरत आला असतां आम्ही मुलांस एका गडावर सहलीस नेलें. उतरतांना सर्वांच्या बाटल्यांतील पाणी संपलें. पायथ्याशीं खडकांवरून खळाळणारा ओढा लागला. पाणी इतकें नितळ कीं तळचे गोटे मोजून घ्यावे. दहावीच्या वर्गांतला एक विद्यार्थी ओंजळीओंजळीनें तें पोटभर प्याला. मीं तें पाहिलें, परंतु त्यास मना केलें नाहीं. कारण वाहतें पाणी शुद्धच असावयाचें, अशी माझीहि समजूत होती.

सुमारें दहा दिवसांनीं त्याचें पोट बिघडलें. मध्यें इतके दिवस गेल्यामुळें ओढ्याची आठवण ना त्यास झाली, ना मला. चार दिवस तो कोणाजवळ बोलला नाहीं. पांचव्या दिवशीं माझ्याकडे आला, तेव्हां मीं त्यास एक दिवस लंघन करावयास सांगितलें, आणि मागें कोणाच्या तरी आजारांत आणलेल्या गोळ्या कपाटांत उरल्या होत्या, त्यांतील दोन दिल्या. दोन दिवस बरें वाटलें, मग पुनः तेंच. मीं पुनः दोन गोळ्या दिल्या. सहामाही परीक्षा तोंडावर आलेली; विचारलें कीं तो "आतां बरें आहे, सर" असें म्हणे, आणि मलाहि तेंच ऐकावयाचें होतें. एके दिवशीं सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं तो माझ्या पुढें उभा होता. त्याच्या कमरेच्या पट्ट्यास कर्कटकाच्या टोकानें पाडलेलें एक नवें भोंक मला दिसलें. वजन करून पाहिलें, तों तें पांच किलो घटलेलें!

त्याच दिवशीं त्यास दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं पहिलाच प्रश्न विचारला, "किती दिवस झाले?" तो म्हणाला, "आठ-दहा." मी म्हणालों, "पंधरा असतील." मागाहून तारखा जुळवून पाहिल्या, तेव्हां ते तेवीस भरले. मुलगा औषधानें थोड्याच दिवसांत बरा झाला. पण त्याची सहामाही बुडाली. ती त्याच्या आळसानें बुडाली नाहीं. त्याच्या संकोचानें आणि माझ्या अर्धवट शहाणपणानें बुडाली.

आतां ह्या दुखण्याचें स्वरूप पाहूं. आपल्या आंतड्यांतून रोज सुमारें ८ ते ९ लिटर द्रव जात असतो. त्यांतील दोनेक लिटर आपण अन्नपाण्यावाटे घेतों. बाकीचा लाळ, जठररस, पित्त वगैरेंच्या रूपानें शरीरच आंतड्यांत सोडतें. निरोगी आंतडें ह्यांतील जवळजवळ सर्व पाणी पुनः शोषून घेतें, आणि मळावाटे शंभर-दोनशें मिलिलिटरच बाहेर जातें. जंतूंमुळें आंतड्याच्या आंतील अस्तरास सूज आली, अथवा जंतूंच्या विषानें तें उलट पाणी सोडूं लागलें, कीं हा हिशेब बिघडतो. जें पाणी परत मिळावयाचें तें वाहून जातें, आणि त्याबरोबर क्षारहि जातात. म्हणून जुलाबांत माणूस दगावतो तो बहुधा शरीर कोरडें पडल्यामुळें. पहिला उपाय जुलाब थांबविण्याचा नसून गेलेलें पाणी भरून काढण्याचा आहे, हें नीट ध्यानांत ठेवावें.

नुसतें पाणी मात्र पुरत नाहीं. आजारी आंतड्याचीं बरींच दारें बंद झालीं, तरी एक दार उघडें राहतें: ग्लुकोज आणि मीठ बरोबर आलीं तर आंतडें त्यांस आंत घेतें, आणि त्यांच्यामागून पाणीहि आंत जातें. ह्या साध्या गोष्टीचें सामर्थ्य जगास दिसलें तें १९७१ सालीं. बांगलादेशाच्या युद्धांतून निघालेले निर्वासित पश्चिम बंगालमधील बनगांव येथें आश्रयास आले होते आणि त्यांत पटकीची सांथ उसळली होती. शिरेंतून द्यावयाचें सलाईन पुरेना. तेव्हां डॉ. दिलीप महलानबीस ह्यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज ह्यांचें मिश्रण पाण्यांत कालवून तें रोग्यांच्या नातलगांकरवीं प्यावयास देवविलें. शेंकडा सुमारें तीस असलेलें मृत्यूचें प्रमाण त्यामुळें चारांच्याहि खालीं आलें. औषधांच्या दुकानांत ओ. आर. एस. ह्या नांवानें मिळणारी पुडी ती ह्याच तत्त्वावर बनविलेली. पुडीवर लिहिलें असेल तितक्याच स्वच्छ पाण्यांत ती संपूर्ण विरघळवावी, आणि तयार केलेलें पाणी चोवीस तासांत संपवावें. पुडी न मिळाल्यास उकळून निववलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. हें माप अंदाजानें घेऊं नये. मीठ अधिक झालें तर लहान मुलांस अपाय होतो, आणि साखर अधिक झाली तर जुलाब वाढतात. बाटलींतलीं गोड शीतपेयें ह्याच कारणास्तव ह्या कामीं निरुपयोगी आहेत.

दोन वर्षांच्या आंतील मुलास दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर, आणि प्रौढास इच्छा होईल तितकें हें पाणी द्यावें. वांती झाली तर दहा मिनिटें थांबून पुनः चमच्याचमच्यानें द्यावें. लहान मुलांस ह्याच्या जोडीस जस्ताची औषधी गोळी दहा ते चौदा दिवस देण्याची आरोग्य संघटनांची शिफारस आहे. ती डॉक्टरांस विचारून सुरू करावी.

लंघन हेंच पोटाचें औषध, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे, आणि तिला अनुसरूनच मीं त्या मुलास उपाशी ठेविलें. तें चुकलें. भूक नसतां बळेंच खावें असें नाहीं. पण खावेंसें वाटतांच मऊ भात, मुगाचें वरण, पेज, केळें, ताक असें हलकें अन्न थोडें थोडें घ्यावें. आंतड्याचें अस्तर नवें व्हावयाचें तें अन्नावरच होतें. तान्ह्या मुलाचें अंगावरचें दूध तर कदापि बंद करूं नये.

एवढें केलें कीं बहुतेक दुखणीं आपोआप बरीं होतात. विषाणूंचा अतिसार दोन-तीन दिवसांत उतरूं लागतो, आणि सामान्य जंतूंचाहि बहुधा आठवड्याच्या आंत आटोपतो. येथेंच दिवस मोजण्याचें महत्त्व आहे. दोन-तीन दिवसांत कांहींच उतार पडला नाहीं, तर डॉक्टरांस दाखवावें. चौदा दिवस उलटले तर मग तें दुखणें "साधें पोट बिघडलें" ह्या सदरांत राहत नाहीं. वैद्यकशास्त्र त्यास चिवट अतिसार म्हणून वेगळें काढतें, आणि त्याचीं कारणेंहि वेगळीं शोधतें. मध्यें दोन दिवस बरे गेले म्हणून मोजणी पुनः एकापासून सुरू करणें ही आपली आपणच केलेली फसवणूक होय. मीं तेंच केलें होतें.

अशा चिवट दुखण्यांतील दोन शत्रु आपल्या देशांत फार आढळतात. पहिला जिआर्डिया. हा एकपेशीय जीव प्रथम पाहिला तो हॉलंडमधील लेव्हेनहूक ह्यानें, १६८१ सालीं, आपण स्वतः घडविलेल्या भिंगांतून. आणि कोठें, तर स्वतःच्याच पातळ मळांत! जी गोष्ट सांगावयास आपण लाजतों, ती त्या जिज्ञासु गृहस्थानें पत्र लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविली. हा जीव शरीराबाहेर कवच धारण करून थंड पाण्यांत कित्येक आठवडे जिवंत राहतो. ओढा वाहता असला, पाणी आरशासारखें असलें, तरी वर कोठें तरी गुरें चरतात, माणसें बसतात, आणि कवचें पाण्याबरोबर खालीं येतात. पोटांत गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनीं लक्षणें दिसूं लागतात. आमच्या मुलाचे दहा दिवस ह्यांतच आले. हा जीव लहान आंतड्याच्या भिंतीस चिकटून बसतो. त्यामुळें अन्नांतील स्निग्धांश नीट शोषला जात नाहीं. मळ चिकट, फिकट व अति दुर्गंधि होतो, पोट फुगतें, ढेंकरा येतात, आणि खाल्लेलें अंगीं न लागतां वजन उतरतें. ताप बहुधा नसतो, रक्तहि पडत नाहीं, आणि म्हणूनच हें दुखणें महिनोगणती अंगावर काढलें जातें. लहान मुलांची तर वाढच ह्यानें खुंटते.

दुसरा शत्रु आंवेचा अमीबा. तो मोठ्या आंतड्यांत राहतो आणि तेथें व्रण पाडतो. मुरडा येतो, वारंवार शौचास जावें लागतें, आणि आंव व रक्त पडतें. कधीं कधीं हा जीव रक्तावाटे यकृतांत जाऊन तेथें गळूं करतो. मग थंडी वाजून ताप येतो आणि उजव्या बरगडीखालीं दुखूं लागतें. त्या वेळीं जुलाब होत असतीलच असें नाहीं. म्हणून पूर्वीं आंव झालेल्या माणसास असा ताप आला, तर त्यानें जुन्या आंवेची गोष्ट डॉक्टरांस आवर्जून सांगावी.

ह्या दोहोंशिवाय आंतड्याचा क्षय, तसेच जंतूंशीं मुळींच संबंध नसलेले कांहीं रोगहि लांबलेल्या जुलाबांच्या रूपानें प्रकट होतात. संध्याकाळीं बारीक ताप येणें, वजन घटत जाणें, रात्रीं झोपेंतून शौचासाठीं उठावें लागणें, हीं लक्षणें असल्यास तपासणी टाळूं नये. अमुक गोळीनें शेजाऱ्यास गुण आला म्हणून आपणांसहि येईल, ह्या हिशेबास म्हणूनच अर्थ नाहीं. कारण वेगळें, तर औषधहि वेगळें.

कारण कळतें तें मळाच्या तपासणीनें. ह्या तपासणीची आपल्या मुलांस भारी लाज वाटते. तिच्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. प्रयोगशाळेंतील माणसास तो रोजचाच उद्योग आहे. मात्र एक गोष्ट ध्यानांत असावी. जिआर्डिया दररोज सारख्या प्रमाणांत बाहेर पडत नाहीं. म्हणून एका दिवसाच्या तपासणींत कांहीं सांपडलें नाहीं, तरी डॉक्टर निरनिराळ्या दिवशींचे तीन नमुने मागतात. पहिला कागद कोरा आला म्हणून दुखणें नाहीं असें समजून घरीं बसूं नये.

आतां औषधांविषयीं. मीं दिलेल्या त्या उरलेल्या गोळ्यांनीं तीन तोटे केले. रोग दबल्यासारखा भासला, पण गेला नाहीं. दिवस वायां गेले. आणि अर्धवट मात्रेमुळें जंतु औषधास दाद न देणारे होण्याचा मार्ग मोकळा झाला. डॉक्टरांनीं पांच दिवसांचें औषध दिलें, तर दुसऱ्या दिवशीं बरें वाटलें तरी पांचहि दिवस तें घ्यावें. अमीबाच्या दुखण्यांत तर पुष्कळदां दोन औषधें एकामागून एक द्यावीं लागतात: एक आंतड्याच्या भिंतींत शिरलेल्या जीवांसाठीं, आणि दुसरें पोकळींत उरलेल्या कवचांसाठीं. पहिल्यानें बरें वाटलें म्हणून दुसरें सोडलें, तर दुखणें परत येतें. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मुलांस आपल्या मनानें देऊं नयेत, आणि रक्त पडत असतां किंवा ताप असतां मोठ्यांनींहि घेऊं नयेत. त्या घाण आंतच कोंडतात.

पुढील लक्षणांपैकीं एकहि दिसलें, तर दिवस मोजीत बसूं नये. रात्र असो वा सुटीचा दिवस असो, रोग्यास त्याच वेळीं दवाखान्यांत न्यावें.

१. मळांतून रक्त पडणें, अथवा मळ डांबरासारखा काळा होणें.

२. तांदळाच्या धुवणासारखे पाण्याचे जुलाब एकसारखे होणें. ही पटकी असूं शकते, आणि ती कांहीं तासांतच प्राण घेते.

३. वांती न थांबल्यामुळें पाणीहि पोटांत न ठरणें.

४. सहा ते आठ तास लघ्वी न होणें, डोळे खोल जाणें, जीभ कोरडी पडणें, उभें राहतांच घेरी येणें, ग्लानि येणें अथवा बरळणें. पोटावरची कातडी चिमटींत धरून सोडली असतां ती हळूहळू मागें जात असेल, तर शरीर फार कोरडें पडलें आहे असें समजावें.

५. १०२ अंशांवर ताप चढणें. कमी असला तरी तीन दिवस न उतरणारा ताप विषमज्वराचा असूं शकतो, म्हणून तोहि दाखवावा.

६. पोटांत एकाच ठिकाणीं न थांबणारी तीव्र वेदना होणें, अथवा पोट टणक होणें.

एक वर्षाच्या आंतील मूल, वृद्ध माणूस, गरोदर स्त्री, तसेच मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचा रोगी ह्यांच्या बाबतींत तर पहिल्याच दिवशीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वाटेंतहि रोग्यास मीठसाखरेचें पाणी घोटघोट पाजीत राहावें.

दुखणें बरें झाल्यावरहि कांहीं आठवडे पोट नाजूक राहतें. आंतड्याचें अस्तर झिजल्यामुळें दुधांतील साखर कांहीं काळ पचत नाहीं, आणि दूध पितांच पोट फुगतें. अशा वेळीं रोग परत आला असें समजून घाबरूं नये. दूध थोडे दिवस कमी करून ताक-दहीं घ्यावें. मुलांस दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावें, म्हणजे गेलेलें वजन भरून येतें. मात्र महिनाभरानें पुनः तींच लक्षणें दिसूं लागलीं, तर डॉक्टरांकडे परत जावें, आणि पूर्वींचे तपासणीचे कागद बरोबर न्यावे.

प्रतिबंधाविषयीं थोडेंच सांगतों, कारण तें तुम्हांस आरोग्याच्या पुस्तकांत वाचावयास मिळतेंच. पाणी खळखळून उकळूं लागल्यावर एक मिनिट तसेंच उकळूं द्यावें. दोन हजार मीटरांहून उंच प्रदेशांत तीन मिनिटें लागतात. पण आपलें कळसूबाईचें शिखरहि १६४६ मीटरच आहे, तेव्हां महाराष्ट्रांत कोठेंहि एक मिनिट पुरे. जिआर्डियाचीं कवचें क्लोरीनच्या नेहमींच्या मात्रेस सहजासहजीं बधत नाहींत, म्हणून उकळण्यावरच भिस्त ठेवावी. शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वीं हात साबणानें चोळून वाहत्या पाण्याखालीं धुवावे. नुसतें हातांस चोळावयाचें अल्कोहोलयुक्त द्रव्य ह्या कवचांवर भरंवशाचें नाहीं. आणि ज्यास जुलाब होत आहेत त्यानें बरा होईपर्यंत विहिरींत अथवा तलावांत पोहावयास उतरूं नये, कारण त्याचें दुखणें त्याच्या मित्रांच्या पोटांत जातें.

शिक्षकांस व पालकांसहि दोन शब्द सांगावयाचे आहेत. परीक्षेच्या दिवसांत मूल पोटाची तक्रार घेऊन आलें, कीं "हें तर निमित्त" असें आपण चटकन म्हणतों. शंभरांत कांहीं वेळां तें निमित्त असेलहि; परंतु एकदां असा टोमणा बसला कीं खरोखरीचा आजारी मुलगाहि पुढें येत नाहीं. मुलास रागें न भरतां दोनच प्रश्न विचारावे: कधींपासून, आणि आज किती वेळां? उत्तर मिळालें कीं तें लिहून ठेवावें.

त्या वसतिगृहांत पिण्याच्या पाण्याच्या टांकीशेजारीं तेव्हांपासून एक वही ठेविली गेली. तिच्यांत चारच रकाने होते: नांव, दुखण्याचा पहिला दिवस, आजचे जुलाब, आणि ताप अथवा रक्त. पहिल्या पानावर पहिली ओळ लिहिली ती त्याच मुलानें. स्वतःचें नांव घालून त्यानें तेवीस दिवसांचा तो जुना हिशेब तीत भरून ठेविला, आणि खालीं लिहिलें, "चौथ्या दिवशीं सांगावयास हवें होतें." मित्रहो, मी त्याच्याहि पुढें जाऊन म्हणतों कीं पहिल्याच दिवशीं सांगा. तुमच्या गुरुजींस, तुमच्या आईस, जो जवळ असेल त्यास सांगा, आणि डॉक्टरांनीं "किती दिवस झाले?" असें विचारलें, तर न अडखळतां उत्तर देतां येईल, एवढी तयारी ठेवा.